जागेवर उभा राहणारा गोलरक्षक

बेलग्रेड, २० जून १९७६. युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना जादा वेळ खेळूनही २-२ वर अडकलेला. पेनल्टी सुरू झाल्या. पश्चिम जर्मनीच्या उली होनेसनं चेंडू दांडीवरून उंच धाडला आणि चेकोस्लोव्हाकियाचा मिशाळ आंतोनिन पानेन्का पुढं आला. याचा गोल झाला की करंडक त्यांचा. समोर होता झेप माइयर. १९७४ च्या विश्वविजेत्या संघाचा गोलरक्षक, देशासाठी ९५ सामने, बायर्न म्युनिककडून लीगचे सलग ४४२ सामने. ‘आन्त्सिंगची मांजर’ म्हणायचे त्याला.

पानेन्का जोरात धावत आला. माइयर डावीकडं झेपावला. पानेन्कानं चेंडूखाली बूट हलकेच घातला, चेंडू संथपणे वर उचलला गेला आणि माइयर जिथं क्षणापूर्वी उभा होता नेमका तिथून, गोलच्या मधोमध जाळ्यात उतरला. जगातला एक उत्तम गोलरक्षक जमिनीवर आडवा, आणि त्याला चकवणारा फटका एखाद्या पोरालाही अडवता आला असता. फक्त त्या पोरानं हलायला नको होतं.

हे धाडस आयत्या वेळचं नव्हतं. प्रागच्या बोहेमियन्स क्लबात सराव संपला की पानेन्का आणि गोलरक्षक झ्देनेक ह्रुष्का मागं थांबायचे आणि पेनल्टीवर पैज लावायचे, कधी चॉकलेटची तर कधी बिअरची. ह्रुष्का चांगला गोलरक्षक, त्यामुळे पैजा पानेन्काच्या खिशाला जड जाऊ लागल्या. रात्री पडल्या पडल्या विचार करताना त्याच्या लक्षात आलं, की गोलरक्षक चेंडूची वाट पाहतच नाही; तो आधीच एक बाजू धरून झेप टाकतो. मग रिकामं काय राहतं? मध्य. पुढची दोन वर्षं त्यानं ही युक्ती सरावात आणि लहानमोठ्या सामन्यांत घोटली.

गोलरक्षक असं का करतो, याचं निम्मं उत्तर सोपं आहे. चेंडू ११ मीटरवर, गोल ७.३२ मीटर रुंद, आणि जोरकस फटका अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. पाहून मग उडी मारायची म्हटलं तर कोपऱ्यातला चेंडू गेलाच. म्हणून अंदाज बांधावा लागतो. पण अंदाजच करायचा, तर ‘मध्य’ हाही एक अंदाजच की! तो कुणीच का करत नाही?

या उरलेल्या निम्म्या उत्तराला तीस वर्षं लागली, आणि ते फुटबॉलवाल्यांना सापडलं नाही. इस्रायलमधले मायकेल बार-एली, ओफर अझार आणि त्यांचे सहकारी निर्णयांचं मानसशास्त्र अभ्यासत होते. त्यांनी जगभरच्या लीग आणि स्पर्धांच्या चित्रफितींतून २८६ पेनल्टी निवडल्या. चेंडू कुठं गेला आणि गोलरक्षक कुठं गेला, हे तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. २००७ साली निष्कर्ष छापून आले. फटक्यांपैकी २८.७ टक्के मधल्या भागात होते, पण गोलरक्षक मध्ये थांबले फक्त ६.३ टक्के वेळा. डावीकडं झेपावलेल्यांनी १४.२ टक्के फटके अडवले, उजवीकडच्यांनी १२.६ टक्के. आणि जे जागचे हलले नाहीत त्यांनी? ३३.३ टक्के.

म्हणजे ज्यांची रोजीरोटीच चेंडू अडवण्यावर चालते, ती माणसं सर्वांत फायद्याचा मार्ग जवळजवळ वापरतच नव्हती. आकड्यांपाशी न थांबता या मंडळींनी इस्रायलमधल्या व्यावसायिक गोलरक्षकांनाच विचारलं: गोल झालाच, तर कुठं असताना जास्त लागतं? फरक पडतो असं म्हणणारे १५ जण होते. त्यातले ११ म्हणाले, मध्ये उभं असताना. मला विचाराल तर खरा शोध इथं लागला. झेप घेऊन हरलेल्याला लोक म्हणतात, बिचाऱ्यानं जिवाचं रान केलं. उभा राहून हरलेल्याला म्हणतात, हा काय बघत बसला होता? डॅनियल कानेमन आणि डेल मिलर यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं, की रूढ वागण्यातून झालेल्या नुकसानापेक्षा रूढी मोडून झालेलं नुकसान जास्त डाचतं. गोलरक्षकाची रूढी म्हणजे झेप.

मात्र या ३३ टक्क्यांनी हुरळून जाऊ नये. मध्ये थांबलेले गोलरक्षक होते फक्त १८. आणि उद्या सगळेच थांबू लागले, तर फटके मारणारे काय झोपलेत? ते कोपरे धरतील. हिशेब इतकाच, की आजच्यापेक्षा थोडं जास्त वेळा थांबायला हवं.

गोलरक्षकाचं काम नजरेत भरतं ते फसल्यावर. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांचंच बघा. १९८३-८४ चा संतोष करंडक त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्यानं एकही गोल न स्वीकारता जिंकला. पुढं १९८६ पर्यंत ते भारताचे कर्णधार होते. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये. झालेला गोल लगेच फलकावर चढतो; अडवलेल्याची पोच यायला एवढी वर्षं!

रायपुरात सप्रे शाळेच्या मैदानावर पोरांचा फुटबॉल पाहायला गेलात आणि पेनल्टी मिळाली, तर चेंडूवरून नजर काढून गोलमधल्या पोराकडं बघा. तो उभा राहिला आणि गोल झाला, तर कृपा करून त्याच्यावर ओरडू नका.