ओळख हत्यारांची

खंडेनवमीला आमच्या कर्मशाळेत पूजा असते. आदल्या दिवशी यंत्रे पुसून तेल देऊन ठेवायची, लेथला हळदीकुंकवाची बोटे लावायची, शेगड्यांना आणि ड्रिल मशिनला झेंडूच्या माळा घालायच्या, पेढे वाटायचे आणि त्या दिवशी एकाही यंत्राचे बटण दाबायचे नाही, हा रिवाज मी उमेदवारी केली त्या कारखान्यातून माझ्याबरोबर आला. अभियांत्रिकी महाविद्यालयात निदेशक म्हणून लागलो तेव्हापासून तो पाळत आलो आहे. काही वर्षांपूर्वीच्या दसऱ्याने मात्र मला या रिवाजाकडेच नव्हे, तर माझ्या एकूण शिकवण्याकडे नव्याने पाहायला लावले.

दसऱ्यानंतरची सकाळ होती. रोबोकॉनच्या संघातली पाच-सहा मुले-मुली लवकर येऊन कामाला लागली होती. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पिलर ड्रिलवर ॲल्युमिनियमच्या पट्टीला भोक पाडायला उभी राहिली. पट्टी शेगड्यात आवळलेली, डोळ्यांवर गॉगल, केस घट्ट बांधलेले. शिकवले होते ते सारे तिने केले होते. तिने बटण दाबले. मशिनच्या डोक्यावर घातलेली माळ सुकून खाली घसरली होती. तिचे टोक फिरत्या चकला लागले मात्र, पाते लवते न लवते तोच सगळी माळ आत ओढली गेली. फुलांचा चुरा उडाला, माळेच्या नायलॉनच्या दोऱ्याचा फटकारा बसला, टेबलावरची पुसायची चिंधी त्यात अडकून गरगरू लागली. मी धावत जाऊन मशिन बंद केले. मुलीच्या मनगटावर दोऱ्याचा लाल वळ उठला होता. बाकी काही झाले नव्हते.

संघाचा कप्तान जरा वेळाने माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मुलींना आपण प्रोग्रॅमिंगलाच ठेवू या. उगाच रिस्क नको." मुलगा वाईट नव्हता, त्याला खरेच काळजी वाटत होती. पण त्याचे वाक्य ऐकून मला माझीच लाज वाटली. कारण ती माळ त्या मुलीने घातली नव्हती. मी घातली होती. ती काढायचे विसरलो होतो तोही मीच. चूक कर्मशाळेची आणि शिक्षा मुलींना, असा तो न्याय होता.

त्या दिवशी दुपारी फळ्यावर मी एक साधे गणित मांडले. ड्रिल मिनिटाला १४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला तेवीस. काही विपरीत दिसल्यावर माणसाचा हात हलायला निदान पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चकचे जवळजवळ सहा फेरे झालेले असतात. चकचा व्यास चार सेंटिमीटर धरला, तर प्रत्येक फेऱ्याला साडेबारा सेंटिमीटर माळ गुंडाळली जाते. सहा फेऱ्यांत पाऊण मीटर. माळेच्या जागी शर्टाची बाही, ओढणी किंवा वेणी धरा. 'लक्ष ठेवून काम करा' असे आपण मुलांना सांगतो. पण लक्ष कितीही असले तरी पाव सेकंद कोणाच्याच हातात नसतो. म्हणून सैल काही जवळ ठेवायचेच नाही. म्हणूनच ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. हातमोजा संरक्षण देतो अशी समजूत असलेल्या मुलांना हे ऐकून दर वर्षी आश्चर्य वाटते.

रोबोकॉन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने २००२ साली टोकियोत ही विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा सुरू केली. यजमान देश दर वर्षी नवा खेळ ठरवतो आणि महाविद्यालयांचे संघ तो खेळणारे यंत्रमानव स्वतः बांधतात. २००८ साली ती पुण्यात भरली तेव्हा दहीहंडीवर बेतलेला 'गोविंदा' हा खेळ होता. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली. राष्ट्रीय फेरीही अनेक वर्षे बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या किती तरी महाविद्यालयांत संघ उभे राहिले आणि त्याबरोबर, वर्षभर कुलूपबंद असणाऱ्या कर्मशाळांत रात्रीचे दिवे जळू लागले.

या संघांत येणारी मुले हुशार असतात. मोटरचा टॉर्क ती तोंडी सांगतात, संगणकावर सारा सांगाडा फिरवून दाखवतात. पण 'तो पाना दे रे' म्हटले की पक्कड आणून हातात ठेवतात. यात त्यांचा दोष नाही. दहावीनंतरची दोन वर्षे क्लासमध्ये गेलेली; त्याआधी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले केलेली. घरात स्क्रू सैल झाला तरी माणूस बोलावला जातो. उलट एखादा मुलगा गावाकडून आलेला असतो, वडिलांचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान असते. त्याला सगळी हत्यारे ठाऊक असतात आणि भीती कशाचीच नसते. पायात चप्पल, डोळे उघडे, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या उडताहेत! पहिल्याला हत्याराची ओळख नाही. दुसऱ्याची ओळख इतकी जुनी, की आदर उरलेला नाही. मला विचाराल तर दुसऱ्याची काळजी अधिक वाटते.

म्हणून पहिल्या दिवशी मी कोणालाच यंत्राजवळ नेत नाही. लांब टेबलावर चाळीसेक हत्यारे मांडतो आणि प्रत्येकाला एक उचलायला सांगतो. प्रश्न तीनच. याचे नाव काय? हे काय करते? आणि याने काय करायचे नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकात मिळतात. तिसऱ्याचे कर्मशाळेत मिळते.

कानस घ्या. खरखरीत, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ अशा तिच्या जाती सांगितल्या, की दुसऱ्या नावावर मुले हसतात. हसू द्यावे, त्यामुळे ते लक्षात राहते. काय करायचे नाही? मूठ नसलेली कानस वापरायची नाही, कारण तिचे टोकदार शेपूट जोर देताना तळहातात घुसते. आणि कानशीने काही ठोकायचे किंवा उचकटायचे नाही. ती कडक पोलादाची असते, वाकत नाही, काचेसारखी तुटते. हॅकसॉचे पाते लावताना दात पुढे, कारण कापण्याचा जोर पुढे जाताना असतो. पातळ पत्र्याला बारीक दातांचे पाते. एका वेळी निदान तीन दात पत्र्यावर टेकले पाहिजेत, नाही तर दात अडकून तुटतात आणि हात पुढे आपटतो.

पक्कड नट सोडवायला नसते. नटाचे कोपरे झिजतात, मग पाना घसरतो आणि बोटाची सालटी निघतात. आटे पाडायचा टॅप एका दमात फिरवायचा नसतो. थोडे पुढे, मग अर्धा फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. घाई केली की टॅप भोकातच तुटतो, आणि तुटलेला टॅप काढताना मुलांच्या तोंडी येणारी भाषा येथे छापण्याजोगी नसते.

ड्रिलवर पातळ पत्रा हाताने धरायचा नाही. भोक पलीकडे फुटायच्या क्षणी बिट पत्र्यात रुतते आणि पत्रा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. चकची चावी चकमध्ये क्षणभरही सोडायची नाही; ज्या हाताने चक आवळला त्याच हाताने चावी काढायची, मगच ती सोडायची. ग्राइंडरच्या दगडावर ॲल्युमिनियम घासायचे नाही. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत बसतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. रोबोकॉनची मुले दिवसभर ॲल्युमिनियमच कापतात, त्यामुळे हा मोह रोजचा.

सर्वांत जास्त धास्ती मला हँड ग्राइंडरची वाटते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो. म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. ती चकती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटणार, आणि मध्ये असतो तो फक्त पत्र्याचा अर्धगोल गार्ड. कोपऱ्यात पोहोचत नाही म्हणून मुले नेमका तोच काढून ठेवतात. गार्ड काढलेला ग्राइंडर दिसला तर मी त्याची वायर गुंडाळून कपाटात टाकतो. वाद घालत नाही.

नव्या काळाची हत्यारेही टेबलावर असतात. लिथियम पॉलिमर बॅटरी दिसायला वडीएवढी, पण टोचली किंवा वेडीवाकडी चार्ज केली तर भडका उडतो. फुगलेली बॅटरी 'अजून चालते' म्हणून वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून जेवायला जायचे नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातासाठी मुले शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत हवा भरतात. स्पर्धेचा नियम सहा बारपर्यंतच्या दाबाचा आहे; पण चरा पडलेल्या बाटलीला नियम कळत नाही.

हे सारे शिकवूनही एक शत्रू उरतोच. तो म्हणजे रात्र. स्पर्धा आठवड्यावर आली की मुले झोपत नाहीत. डोळे तारवटलेले, पोटात चहा-बिस्किटे, आणि 'एकच भोक राहिलंय सर.' अपघात त्या एका भोकाची वाट पाहत असतो. २०११ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी विद्यापीठाच्याच कर्मशाळेत रात्री एकटी लेथवर काम करत होती. तिचे केस यंत्रात अडकले आणि ती दगावली. बटण बंद करायला शेजारी कोणी नव्हते. त्यानंतर तिथे विद्यार्थ्यांच्या कर्मशाळेच्या वेळा मर्यादित झाल्या आणि देखरेखीला माणूस असल्याशिवाय यंत्र चालवायचे नाही असे ठरले. ही हकिगत मी मुलांना दर वर्षी सांगतो. घाबरवायला नव्हे. इतक्या मोठ्या विद्यापीठात, इतक्या हुशार मुलीच्या बाबतीत हे होऊ शकते, तर आपण कोण, एवढे कळावे म्हणून.

आमच्याकडे आता रात्री नऊनंतर फिरणारे यंत्र चालत नाही. कानस चालते, पाना चालतो, सोल्डरिंग चालते. एकट्याने यंत्र चालवायचे नाही. दुसऱ्याने बंद करायच्या बटणाजवळ उभे राहायचे. या नियमामुळे एका वर्षी आमचा यंत्रमानव अपुरा राहिला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. मुले दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत. वरूनही विचारणा झाली. मी एवढेच म्हणालो, की दहाही जणांची दहाही बोटे घेऊन परत आलो आहे, तेवढे मोजून घ्या.

आणि ती मुलगी? कप्तानाला मी सांगितले, की ती ड्रिलवरच राहील. ती राहिली. तिसऱ्या वर्षी तिने लेथ हातात घेतला. चौथ्या वर्षी नवीन मुलांसमोर हत्यारांचे टेबल तिनेच मांडले आणि मी मागे स्टुलावर बसून ऐकले. एका मुलाने कानस उचलली, नाव बरोबर सांगितले, काम बरोबर सांगितले आणि थांबला. ती म्हणाली, "आणि काय करायचं नाही? ते सांगितल्याशिवाय खाली ठेवू नकोस."

खंडेनवमीची पूजा आजही होते. हळदीकुंकू यंत्रांना लागते. माळा मात्र आता दारावर आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला. हत्यारांना हार घालण्यात माझा भाव खरा होता, पण त्यांची पूजा मुळात रोजच्या वापरातच होत असते: मूठ घट्ट बसवलेली कानस, जागच्या जागी असलेला गार्ड, चकातून काढून खुंटीला अडकवलेली चावी. दसऱ्यानंतरच्या सकाळी मी आधी एक फेरी मारतो, प्रत्येक फिरणाऱ्या भागाजवळ हात फिरवून पाहतो. मगच मेन स्विच वर करतो.