काचेच्या पेटीतील समुद्र

सातारा व सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस आहेत. तेथील एखाद्या घरी काचेच्या पेटीत सागरी मासे व शंखशिंपले पाळावयाचे झाल्यास आधी समुद्राचे पाणीच तयार करावे लागते. दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, हे त्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण होय.

परंतु एवढ्याने काम संपत नाही. पेटीतील पाण्याची रोज वाफ होते. क्षार मात्र मागे राहतात. म्हणून घटलेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच घालावी लागते. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया हा विषारी पदार्थ निर्माण होतो. सूक्ष्मजंतू त्याचे क्रमाक्रमाने नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जंतू वाढण्यास काही आठवडे लागतात. तत्पूर्वी मासे सोडण्याची घाई करणारा ते गमावून बसतो. शिंपल्यातील जीव पाण्यातील चुन्याच्या अंशातून आपले कवच घडवितात. ती तूट चुन्याची निवळी थेंबथेंब घालून भरून काढता येते.

कृष्णाकाठच्या शेतांतही हाच नियम दिसून येतो. सांगली जिल्ह्यात उसाला वाजवीपेक्षा अधिक पाणी दिले गेले, तेथे जमिनीखालील पाणी क्षारांसह वर चढले. पाणी उन्हाने उडून गेले. क्षार मातीवर पांढरे फुटले आणि कित्येक सुपीक मळे नापीक झाले. पेटीतील पाणी बदलता येते. शेतातील क्षार मात्र चर खणून, निचऱ्यावाटे हळूहळू बाहेर काढावे लागतात. म्हणून पेटी असो वा शेत, पाणी मोजूनच द्यावे.