मुरलेले की नुसतेच जुने?

सिगार ओढायची सवय लागायच्या आधी मला पेटी उलटी करून तळाचा शिक्का वाचायची सवय लागली. जहाजावर माझ्या वरच्या हुद्द्यावर एक गोवेकर इंजिनिअर होते, ही त्यांची देणगी. क्यूबातले कारखाने 1985 पासून पेटीच्या तळाशी कारखाना आणि तारीख सांकेतिक अक्षरांत उमटवू लागले. एन, आय, व्ही, ई, एल, ए, सी, यू, एस, ओ ही दहा अक्षरं म्हणजे एक ते नऊ आणि शेवटी शून्य. ‘ओएएसयू’ दिसलं की समजायचं, शून्य-सहा-नऊ-आठ, जून 1998. साहेब चष्मा कपाळावर सरकवून हे असं वाचायचे, जसं आमच्याकडे कुणी पत्रिका वाचतं. 2000 पासून महिना आणि साल उघड छापायला लागले आणि ती गंमत गेली. पण तळाचं साल बघून जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक मात्र त्यानंतर वाढतच गेलं.

त्या जास्तीच्या पैशांचा हिशेब आता, निवृत्तीनंतर, मांडावासा वाटतो.

जुन्या सिगारची किंमत चवीमुळे चढली असं सगळे धरून चालतात. मला तसं वाटत नाही. आधी ती चढली राजकारणामुळे. 15 सप्टेंबर 1960 ला क्यूबातले सिगारचे कारखाने सरकारजमा झाले. फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाशी व्यापारबंदीच्या हुकमावर सही केली, पण त्याआधी पिएर सॅलिंजर या आपल्या प्रसिद्धी सचिवाला हजार ‘पेटिट अपमान’ सिगार आणायला पिटाळलं. सॅलिंजरनी बाराशे आणल्यावर मगच सही झाली, असं खुद्द त्यांनीच पुढे सांगितलं. बंदीआधीच्या सिगारना अमेरिकेत सोन्याचा भाव आला तो त्या मुरल्या म्हणून नव्हे, पुन्हा मिळणार नव्हत्या म्हणून. क्यूबात बनणाऱ्या दाविदॉफ सिगारचंही तेच. दर्जावरून क्यूबाशी बिनसलं, 1989 मध्ये झिनो दाविदॉफनी लाखाच्या वर सिगार जाळल्या आणि थोड्याच काळात क्यूबात दाविदॉफ बनणं थांबलं. तिथल्या उरलेल्या पेट्यांचे भाव आजही ऐकवत नाहीत.

मग 1992 मध्ये अमेरिकेत ‘सिगार अफिशिओनाडो’ नावाचं गुळगुळीत कागदाचं मासिक निघालं आणि सगळ्यांना एकदम सिगार हवी झाली. 1996 मध्ये केनेडींची सिगार ठेवायची लाकडी पेटी लिलावात पाच लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे डॉलरना गेली. घेणारा त्या मासिकाचाच मालक, मार्व्हिन शॅन्कन! मागणी पुरवायला क्यूबाने उत्पादन रेटलं, नव्या हातांना वळायला बसवलं. 1999-2000 च्या सुमारास निघालेल्या कितीतरी सिगार इतक्या गच्च वळलेल्या होत्या की ओढताना गालफडं बसावीत. पुढे कारखान्यांत वळलेली सिगार हवा नीट खेचते का, हे तपासायची यंत्रं आली.

तर त्या सालांच्या पेट्या आज पाव शतकाच्या आहेत. तळावर साल झकास दिसतं. पण गच्च वळलेली सिगार पंचवीस वर्षांनी सैल होत नाही. लोणचं मुरतं ते कैरी करकरीत असेल तर.

वय सिगारला काय देतं, हेही सांगायला हवं, कारण देतं खरं. ताज्या वळलेल्या सिगारमध्ये ओल असते, आतलं आंबणं पुन्हा थोडं जागं होतं आणि अमोनियाचा भपकारा येतो. त्या दिवसांना जाणकार आजारपणच म्हणतात. ते सरायला काही महिने, कधी वर्षही जातं. मग तिखटपणा उतरतो, धूर गोल होतो. हाँगकाँगच्या मिन रॉन नी यांनी 2003 च्या आपल्या जाडजूड ग्रंथात मुरण्याचे टप्पेच पाडून दिले आणि वयाच्या व्यापाराला जणू पोथी मिळाली. क्यूबाच्या सिगार विकणाऱ्या हाबानोस कंपनीने तर वय थेट विकायलाच काढलं. 2000 पासून बाहेरचं पान दोन वर्षं मुरवलेल्या मर्यादित आवृत्त्या, पुढे तीन वर्षं मुरवलेल्या तंबाखूच्या ‘रेझर्व्हा’, पाच वर्षांच्या ‘ग्रान रेझर्व्हा’ आणि 2015 मध्ये ‘आन्येहादोस’, म्हणजे वळून झाल्यावर पेटीतच पाच ते आठ वर्षं ठेवलेल्या. यात पान मुरवणं आणि वळलेली सिगार मुरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला जागा, माणसं, कसब लागतं, तिथे जास्त पैसे द्यायला माझी ना नाही. दुसरी माझ्या कपाटातही होते.

होते, पण कपाट सांभाळलं तर. एका बंदरात, कुठल्या ते जाऊ दे, दुकानदाराने दहा वर्षांची म्हणून एक पेटी मला दीडपट किमतीला दिली. घरी येऊन उघडली तर चार सिगारना टाचणीने पाडावीत तशी नेटकी गोल भोकं, आणि कागदावर बारीक तपकिरी पूड. तंबाखूचा किडा. हाच आमच्या हळदीत नि धन्यांतही होतो, म्हणून बायकोने तो माझ्या आधी ओळखला. उष्मा वाढला की अंडी फुटतात. दहा वर्षं ती पेटी कुठे पडली होती, हे तळाच्या शिक्क्यावर कुठे लिहिलेलं असतं?

त्याच सुमारास एक ताजी पेटी साध्या भावात घेतली होती. तिच्यातल्या सिगार तीन दिवस फ्रीझरमध्ये, एक दिवस फ्रीजमध्ये आणि मग सीडरच्या पेटीत, सत्तर टक्क्यांच्या आत आर्द्रता राखून. मुंबईच्या जुलैत हे म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. वर्षाला दोनच ओढायचो, डॉक्टरांना तेही पटत नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती नुसती बरी होती. आठव्या वर्षी कोको, ओल्या लाकडाचा वास, शेवटपर्यंत कुठे जीभ चावली नाही. अठराव्या वर्षी मात्र विड्यातला कात-चुना निघून गेल्यावर नुसतं पान चघळावं तसं. सौम्य, सभ्य, आणि काही सांगायचं न उरलेलं.

2022 मध्ये क्यूबाच्या कोहिबा सिगारचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेले गेले, युरोपात काही ठिकाणी ते दुपटीच्या वर गेले. तेव्हापासून जुन्या पेट्या ओढण्यासाठी कमी आणि ठेवण्यासाठी जास्त विकल्या जातात. माझ्या पेटीत दोन उरल्या आहेत. भाव विचारायला एकाचा फोन आला होता. बायकोचा डोळा पेटीवर आहे, तिला सुया-दोरे ठेवायला हवी आहे.