हरवलेल्या पावलांचे शिक्षण

मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा सारे घर कौतुकाने टाळ्या वाजविते. पुढे जन्मभर टाकलेल्या पावलांचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. चालणे इतके अंगवळणी पडते की ती कधीकाळी शिकून मिळविलेली विद्या आहे, याचाही विसर पडतो. त्या विद्येचे मोल कळते ते पक्षाघातानंतर. रात्री आपल्या पायांनी अंथरुणापर्यंत गेलेला गृहस्थ सकाळी उठू पाहतो आणि उजवा पाय त्याचे ऐकत नाही. पायाचे हाड शाबूत असते, स्नायूही शाबूत असतात. बिघाड झालेला असतो तो पायाला हुकूम सोडणाऱ्या मेंदूत.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला, म्हणजे तेथील पेशी मरू लागतात. मेंदूच्या डाव्या अर्धाचा अंमल शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजव्याचा डाव्या बाजूवर चालतो. म्हणून अर्धे अंगच लुळे पडते. गेलेला भाग पूर्ववत होत नाही. मग पक्षाघाताचे कितीतरी रुग्ण पुन्हा चालू लागतात, ते कसे? नदीवरचा पूल वाहून गेला म्हणजे गावकरी वळसा घालून दुसरी वाट पाडतात, आणि रहदारी वाढली की त्या पायवाटेचा गाडीरस्ता होतो. मेंदूचेही तसेच आहे. शाबूत राहिलेल्या पेशी नवे धागे जोडून गेलेल्या कामाचा काही भार उचलतात. मात्र त्याला वहिवाट लागते. जी वाट तुडविली जात नाही, ती बुजून जाते.

नेमकी अडचण येथेच येते. अमेरिका व कॅनडा येथील पक्षाघाताच्या रुग्णांच्या उपचारसत्रांची २००९ साली पाहणी झाली, तेव्हा चालण्याचा सराव करणारा रुग्ण एका सत्रात सरासरी ३५७ पावले टाकतो, असे आढळले. निरोगी माणूस तर दिवसाकाठी हजारो पावले टाकतो. यात उपचारकांचा आळस नाही. लुळ्या पायाच्या रुग्णाला चालवावयाचे म्हणजे एकाने कंबर सांभाळावयाची आणि दुसऱ्याने वाकून पाय उचलून पुढे ठेवावयाचा. थोड्याच वेळात रुग्णाआधी उपचारकच थकून जातो.

न थकणारे यंत्र आणावे, हा विचार यातूनच पुढे आला. खेकड्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो. तसा यांत्रिक सांगाडा माणसाच्या पायांवर चढवावयाचा आणि सांध्यांच्या जागी मोटारी बसवावयाच्या. कल्पना जुनीच आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अवजड ओझी उचलण्यासाठी 'हार्डिमन' नावाचा असा सांगाडा बांधण्याचा प्रयत्न केला; बेलग्रेडमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच यांनी याच कल्पनेला पांगळ्या माणसांच्या सेवेला जुंपले. पुढे झुरिच येथे गेरी कोलंबो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोकोमॅट' हे यंत्र घडविले. त्यात रुग्णाला कमरपट्ट्यांनी वरून तोलून धरतात, म्हणजे शरीराचा काही भार हलका होतो. पायांखालून पट्टा सरकत असतो आणि कंबर व गुडघा यांपाशी असलेल्या मोटारी पाय चालीच्या लयीत हलवितात. दुसरा प्रकार अंगावर चढवून जमिनीवर चालण्याचा. रुग्णाने अंगाचा भार एका बाजूला झुकविला की यंत्रातील संवेदक तो ओळखतात आणि दुसरा पाय पुढे टाकण्यास साहाय्य करतात. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी अशा एका सांगाड्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली प्रथम मान्यता दिली.

याचा उपयोग किती? २०२० साली ६२ चाचण्यांचा आणि त्यांतील २,४४० रुग्णांचा एकत्र आढावा घेण्यात आला. नेहमीच्या फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली तर आधाराविना चालू लागण्याची शक्यता वाढते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील आणि मुळीच चालू न शकणाऱ्या रुग्णांना त्याचा लाभ अधिक होतो, असेही दिसले. याउलट, थोडेफार चालू शकणाऱ्या रुग्णांवर २००८ व २००९ साली अमेरिकेत प्रयोग झाले, त्यांत उपचारकाचे हातच यंत्रापेक्षा सरस ठरले. कारण उघड आहे. पालखीत बसलेल्याला वाट चालल्याचे पुण्य लाभत नाही. यंत्रच पाय उचलू लागले की मेंदू स्वस्थ बसतो. आणि चूक करून ती सुधारण्याची संधी नाही, तेथे शिक्षणही नाही. म्हणूनच रुग्णाचा प्रयत्न जेथे तोकडा पडतो तेवढीच मदत देण्याकडे आता यंत्ररचनाकारांचा कल आहे.

ही परदेशी यंत्रे कोटी रुपयांच्या घरात जातात. ती येथे घडविण्याच्या प्रयत्नांना बंगळुरूसारखे दुसरे अनुकूल शहर क्वचितच असेल. १९७४ साली आकाराला आलेल्या निम्हान्स या संस्थेत मज्जाविकारांच्या रुग्णांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. संरक्षण संशोधन संघटनेची जैवअभियांत्रिकी प्रयोगशाळा याच शहरात असून तेथे सैनिकांसाठी बाह्यसांगाड्यांवर काम होते. बायॉनिक यंत्र, जेनएलेक अशा येथील कंपन्यांनीही पांगळ्या रुग्णांसाठी सांगाडे तयार केले आहेत. भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक अवीक बिद यांच्या गटाने २०२२ साली हाताच्या सरावासाठी मऊ मोजासदृश साधन घडविले. बोट किती वाकले हे ते प्रकाशाच्या साहाय्याने मोजते आणि घरी बसलेल्या रुग्णाची प्रगती दूरच्या वैद्याला कळविते. हजार रुपयांच्या आत ते मिळावे, असा हेतू आहे. ते साधन हाताचे असले तरी पायाच्या साधनांनीही हीच दिशा धरावयास हवी.

कारण खरा प्रश्न अंतराचा आहे. यंत्र बंगळुरूत आणि रुग्ण चंदगडच्या किंवा खानापूरच्या एखाद्या खेड्यात, असेच बहुधा असते. रुग्णालयातून घरी आणलेल्या माणसाला पुष्कळदा माया म्हणूनच खाटेवर निजवून ठेवतात. सून पाणी हातात देते, मुलगा उचलून बसवितो आणि मोलाचे तीन महिने निघून जातात. पुढे काही वर्षांनी कोणाकडून तरी यंत्राची वार्ता कानी येते आणि जमीन गहाण ठेवण्याची भाषा सुरू होते. अशा कुटुंबाला सत्य सांगितले पाहिजे. यंत्र हे सरावाचे साधन आहे, संजीवनी नव्हे. आणि त्याचा लाभ उशिरापेक्षा वेळेवर अधिक. अर्थात घाईलाही मर्यादा आहे. पहिल्या चोवीस तासांतच फार चालविणे हितकर नसल्याचे २०१५ साली दोन हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत दिसून आले. केव्हा व किती, हे वैद्यानेच ठरवावे.

यंत्र दूर असले तरी त्यामागील तत्त्व कोणत्याही घरात आणता येते. पडू नये इतका आधार द्यावा, आळस येईल इतका देऊ नये. आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने रोजची पावले मोजावीत. काल वीस होती, आज बावीस झाली, ही नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवरही होऊ शकते. ज्या घराने एकदा बाळाच्या पहिल्या पावलाला टाळ्या वाजविल्या, त्या घराला आजोबांच्या बाविसाव्या पावलाचे मोल समजावून सांगावे लागू नये.