अमेरिकेतील सुरक्षा-मंजुरी आणि भारतातील गोतावळा

आपल्या घरांतील मुलेमुली अमेरिकेत शिकतात, नोकरी धरतात आणि यथावकाश तेथील नागरिकत्वही घेतात. पुढे तेथील संरक्षण खात्यात अथवा त्याच्या कंत्राटदार कंपनीत गोपनीय माहिती हाताळावयाची झाल्यास सरकारची सुरक्षा-मंजुरी लागते. मग भारतात फोन येतो : आईची नेमकी जन्मतारीख कोणती? दुकानात माझे नाव आहे का? आपल्यामुळे मुलाची नोकरी हुकणार, या शंकेने वडीलधारी मंडळी हवालदिल होतात. ही भीती बहुतांशी अनाठायी आहे.

मंजुरी हा कोणाचा हक्क नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ईगन खटल्यात म्हटले आहे. जून २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांपैकी एक 'परकीय प्रभाव' हा आहे. त्यात उमेदवाराच्या निष्ठेवर संशय नसतो. परदेशातील आप्तांच्या आडून त्याच्यावर दबाव आणता येईल का, एवढेच पाहतात. नाते किती जवळचे, देश कोणता, आप्त सरकारी वा लष्करी सेवेत आहे का, हे तपासले जाते. कापडाचा व्यापार करणारा भाऊ आणि संरक्षण खात्यातील अधिकारी भाऊ यांचे वजन सारखे नसते. उमेदवाराची अमेरिकेत मुळे किती खोल गेली आहेत, हेही दुसऱ्या पारड्यात पडते.

'स्टँडर्ड फॉर्म ८६' या लांबलचक अर्जात आईवडील, भावंडे, सासूसासरे यांची माहिती द्यावी लागतेच. शिवाय स्नेह, प्रभाव, समान हितसंबंध वा बांधिलकी यांनी जोडलेल्या परकीय नागरिकांशी गेल्या सात वर्षांतील निकटचा संबंधही सांगावा लागतो. आपल्याकडे हे चारही धागे एकाच चुलत्यात सापडतात!

खरी गुंतागुंत पैशाची. परदेशातील मालमत्ता आणि व्यवसायातील हिस्साही अर्जात नोंदवायचा असतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायादाला जन्मतःच हक्क मिळतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही. न्यू जर्सीतील मुलीला गावच्या पेढीतील आपल्या हिश्शाची कल्पनाही नसते. सोयीसाठी तिच्या नावे घेतलेली सदनिका, संयुक्त ठेव, भागीदारीपत्रातील नाव यांचेही तेच. असा हिस्सा असल्याने मंजुरी आपोआप नाकारली जात नाही. तो दबावाचे साधन ठरण्याइतका मोठा आहे का, हे पाहिले जाते. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना आम्हीही आकड्यापेक्षा त्यामागच्या परिस्थितीकडे अधिक पाहत असू.

मात्र "कशाला लिहायचे ते?" हा सल्ला घरून कदापि देऊ नये. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती हा वेगळ्या निकषाखाली दोष ठरतो, आणि तो संघीय गुन्हाही आहे; पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनवधानाने राहिलेली नोंद स्वतःहून तत्परतेने दुरुस्त केल्यास ते उमेदवाराच्या बाजूने धरले जाते.

यासाठी घरच्यांनी मिळकतींची आणि त्यांतील नावांची यादी आधीच करून मुलांकडे द्यावी. कंत्राटदार कंपनीतील कर्मचाऱ्याला आक्षेपांची लेखी नोटीस मिळाल्यास उत्तरासाठी २० दिवस असतात. भागीदारीपत्र जुन्या मुनीमजींच्या कपाटात असेल, तर त्यांतले किती दिवस शोधण्यातच जातील, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.