ताशी सहाशे काडतुसांचा हिशेब

रीलोडिंग प्रेस हे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा कामाला लावणारे यंत्र आहे. बहुतेक प्रेस हाताने दांडा ओढून चालवतात. बार झाल्यावर पुंगळी फुगते. ती डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, जळका प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) पाडून नवा बसवायचा, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची, एवढे प्रेसचे काम. गोळी, दारू आणि प्रायमर प्रेस बनवत नाही, ते विकतच आणावे लागतात. अमेरिकेत हा उद्योग घरच्या गॅरेजमध्ये करण्याची जुनी रीत आहे. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यासाठी तिथे संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील तर मात्र लागतो.

प्रेस मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय बसते. पन्नास पुंगळ्या एका डायखालून काढायच्या, डाय बदलायची आणि त्याच पन्नास पुन्हा घ्यायच्या. आरसीबीएस कंपनीची रॉक चकर ही या प्रकारातली सर्वपरिचित प्रेस. टरेट प्रेसमध्ये सगळ्या डाय वरच्या फिरत्या चकतीत असतात, पुंगळी जागेवर राहते आणि चकती फिरते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये उलटे घडते. डाय स्थिर राहतात, पुंगळ्या खालच्या गोल पाटावरून पुढे सरकतात आणि पाट भरला की दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. डिलन कंपनीच्या ५५० मध्ये चार स्टेशन असून पाट हाताने फिरवावा लागतो. ७५० मध्ये पाच स्टेशन आहेत आणि पाट आपोआप फिरतो.

इथे शीर्षकातला तो आकडा येतो. सिंगल स्टेजवर तासाला पन्नास ते शंभर, प्रोग्रेसिव्हवर चारशे ते सहाशे. मग सहाशेवालीच घ्यावी, असा सल्ला नवख्याला हमखास मिळतो, आणि तो देणाऱ्याने तास कुठून कुठपर्यंत मोजला हे सहसा सांगितलेले नसते. हा आकडा हात चालू असतानाचा आहे. पुंगळ्या भरलेल्या, प्रायमरची नळी भरलेली, दारूचे माप जुळवलेले आणि काहीही न अडकलेले, अशा स्थितीतला. प्रायमरच्या नळीत साधारण शंभर प्रायमर मावतात. ताशी पाचशेच्या वेगाने ती बारा मिनिटांत रिकामी होते. नेहमीच्या पद्धतीत थाळीतला एकेक प्रायमर नळीच्या टोकाने दाबून उचलत ती पुन्हा भरायची. पुंगळ्या धुणे, भेगा पाहणे, वेगवेगळ्या मापांच्या पुंगळ्या निवडून बाजूला काढणे हे सगळे प्रेसजवळ बसण्यापूर्वीचे काम आहे. ते कोणत्याही प्रेसने कमी होत नाही.

रायफलच्या काडतुसाला तर हा आकडा जवळजवळ निरर्थक ठरतो. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची पुंगळी कार्बाइडच्या डायमधून कोरडीच काढता येते. .३०८ सारखी बाटलीच्या आकाराची पुंगळी आधी वंगण लावून दाबावी लागते. दाबल्यावर ती लांबते, म्हणून लांबी मोजायची, जास्त असेल तर कापायची, कड साफ करायची आणि वंगण पुसायचे. वेळ खरा इथे जातो. दारू भरून गोळी बसवण्याच्या शेवटच्या टप्प्यात वाचवलेली मिनिटे त्या मानाने किरकोळ असतात.

काडतुसाचे माप बदलायचे झाले तर प्रोग्रेसिव्हमध्ये पुंगळ्यांचा पाट, दारूची फनेल, डाय आणि कधीकधी प्रायमरची सगळी यंत्रणा बदलावी लागते, आणि पुन्हा सगळे जुळवावे लागते. दर महिन्याला एकाच मापाची हजारभर काडतुसे झाडणाऱ्या पिस्तूल स्पर्धकाला हा खटाटोप परवडतो. वर्षाला दोन डबे .३०-०६ वापरणाऱ्या शिकाऱ्याला परवडत नाही, त्याची जुळवाजुळवच भरण्याच्या कामापेक्षा लांबते. तेव्हा पहिला प्रश्न महिन्याला किती आणि किती मापांची, हा आहे. तासाला किती, हा नंतरचा.

वेगाच्या मोहातली दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पिस्तुलाच्या कित्येक दारूंचे एक माप पुंगळीचा अर्धा भागही व्यापत नाही. चुकून दोन मापे पडली तरी ती आत मावतात, काही सांडत नाही, आणि वर गोळी बसली की बाहेरून काहीच कळत नाही. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार नळी फोडू शकतो. प्रोग्रेसिव्हवर एका ओढीत चार-पाच कामे चार-पाच पुंगळ्यांवर एकदम होतात. काहीतरी अडकले, दांडा अर्ध्यावर थांबला, पुंगळी काढून परत ठेवली, की कोणत्या पुंगळीत दारू पडली याचा हिशेब चुकतो. हाताने फिरणाऱ्या पाटावर तर फिरवायचे विसरले एवढेही पुरते. सिंगल स्टेजवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असतात आणि दिव्याखाली एका नजरेत सगळ्यांची पातळी दिसते. पाच स्टेशनच्या प्रेसवर दारू पडल्यानंतर आणि गोळी बसण्यापूर्वीच्या स्टेशनवर पातळी तपासणारी डाय बसवता येते, आणि ती बसवावी. पण ती नजरेला मदत करते, नजरेची जागा घेत नाही. प्रोग्रेसिव्हवर एका वेळी एकच पुंगळी घालून शिकता येते, हेही खरे. तसे शिकायचे ठरवले तर सहाशेच्या आकड्यासाठी मोजलेले पैसे निदान तेवढ्या काळापुरते पडून राहतात, हे मात्र कोणी बोलत नाही.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच पक्का आहे: प्रेस जितकी जड आणि महाग, तितके काडतूस अचूक. अचूकता ठरते ती डाय, पुंगळीच्या मानेची जाडी, गोळीचा दर्जा आणि दारूचे वजन यांवर. बेंचरेस्ट स्पर्धेत एकाच छिद्रात पाच गोळ्या घालू पाहणारे नेमबाज कितीतरी वेळा हातात उचलून नेता येईल अशी छोटी आर्बर प्रेस आणि हातडाय घेऊन मैदानावरच काडतुसे भरतात.

पैसे वाचतात का? एका काडतुसामागे वाचतात. मोठ्या किंवा दुर्मीळ मापात बरेच, नऊ मिलिमीटरसारख्या स्वस्त मापात थोडेच. पण स्वस्त पडले की जास्त झाडले जाते आणि महिन्याचा खर्च होता तिथेच येतो. २०२० नंतरच्या टंचाईत प्रायमरच मिळेनासे झाले, तेव्हा महागातली प्रेसही नुसती उभी होती.

एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसला बसत नाही, हाही असाच समज. ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे हे माप जवळजवळ सर्वत्र चालते. डिलनची स्क्वेअर डील बी हा ठळक अपवाद.

कोणतीही पुंगळी पुन्हा भरता येते, असे नाही. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत मधल्या एका भोकाऐवजी बाजूला दोन बारीक भोके असतात, त्यामुळे नेहमीच्या डायची पिन त्यात मोडते. .२२ रिमफायरमध्ये तर स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते, वेगळा प्रायमर नसतोच. ऑलिंपिकचे नेमबाज आपली काडतुसे स्वतः भरतात, ही कल्पना इथेच संपते. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर रायफलमध्ये, आणि त्या प्रकारात .२२ रिमफायरच वापरतात. गंमत अशी की आरसीबीएसची सुरुवात रिमफायरच्या या निरुपयोगी पुंगळ्यांपासूनच झाली. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये त्यांच्यापासून गोळ्यांची आवरणे घडवण्याची डाय केली होती.

घरात दारू म्हणजे घरात बॉम्ब, ही भीती आतिषबाजीच्या काळ्या दारूवरून आलेली आहे. बिनधुराची दारू मोकळ्यावर भसकन जळते; कोंडली तर दाब वाढतो. म्हणून ती मूळ डब्यातच ठेवायची असते. अमेरिकेतले एनएफपीए ४९५ हे अग्निसुरक्षा मानक घरात मूळ डब्यांत २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो, दारू ठेवू देते. जपायचे ते प्रायमरला. तो नुसत्या आघातानेही फुटतो, आणि म्हणूनच प्रोग्रेसिव्हच्या प्रायमर नळीभोवती पोलादी कवच असते. डोळ्यांना चष्मा हवाच. प्रायमरमधल्या शिशाची धूळ पुंगळ्या साफ करताना उडते, तेव्हा जेवणाच्या टेबलावर हे काम करू नये.

राहिला एक समज, तो भारतातला. बंदुकीचा परवाना आहे, मग काडतुसे भरायला काय हरकत? हरकत कायद्याची आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे कैद आहे. टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने आपली प्रेस ‘नुसते लोखंड’ म्हणून पुण्याच्या सामानात बांधू नये. कलम २ मधल्या व्याख्येनुसार दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री यांचीही गणना दारूगोळ्यातच होते.