गाळ निघाला, आता तळं कोणाचं?

वाशीमचं पाणी : भाग सहावा

मागच्या भागात पाणी जमिनीत मुरवणारा पाझर तलाव आणि पाणी साठवणारा सिंचन तलाव यांतला फरक पाहिला. या आठवड्यात दोन्हींच्या दुरुस्तीकडे वळू, कारण कामाचे दिवस थोडेच उरले आहेत. रब्बी उठल्यापासून मृग लागेपर्यंतच तळ्यात माणूस आणि यंत्र उतरू शकतं.

आधी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. काटेपूर्णा आपल्याकडे उगम पावते आणि उत्तरेला अकोल्याकडे उतरून पूर्णेला मिळते. अडाण आणि अरुणावती यवतमाळच्या बाजूला जातात आणि त्यांचं पाणी शेवटी पैनगंगेला मिळतं. पैनगंगा सोडली तर बाहेरून पाणी घेऊन येणारी मोठी नदी आपल्याला नाही. पडलेला पाऊस आपल्याच शिवारात अडवला तर आपला, नाहीतर तो एका बाजूने तापीच्या आणि दुसऱ्या बाजूने गोदावरीच्या खोऱ्यात निघून जातो. वाशीमचं पद्मतीर्थ आणि देव तलाव, कारंज्याचा ऋषी तलाव ही जुनी तळी अशा मुलखातली आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या मजुरांनी डोक्यावर टोपलं घेऊन पाझर तलावांच्या पाळी उभ्या केल्या. त्या पाळी आज अनेक ठिकाणी शाबूत आहेत, पण त्यांच्या पोटात पाण्याऐवजी माती बसली आहे.

ही माती आपल्याच वावरांतली आहे. जूनमध्ये नांगरून-वखरून मोकळी केलेली जमीन पहिल्याच जोरदार पावसात खरडते, धुरा फोडून नाल्याला लागते आणि तळ्यात येऊन बसते. म्हणून गाळ काढणं म्हणजे शेतकऱ्याने स्वतःची वाहून गेलेली माती परत आणणं.

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टर तळाच्या तलावातून एक मीटर गाळ काढला, तर 10,000 घनमीटर जागा मोकळी होते. एका भरण्यात तिथे एक कोटी लिटर पाणी जास्त साठतं. ब्रासमध्ये सांगायचं तर हा गाळ साडेतीन हजार ब्रासच्या आसपास भरतो. एवढा गाळ काठावर टाकला, तर पहिल्या पावसात तो पुन्हा आत येणार. तो वावरात गेला तरच काम टिकतं, आणि लोकसहभागाची खरी सुरुवात इथे होते. राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हा यंत्र आणि इंधन योजनेतून आणि गाळ वाहून नेणं शेतकऱ्याच्या खर्चाने, अशी विभागणी होती. ट्रॅक्टरवाल्याला ते जमलं. ज्याच्याकडे बैलजोडीही नाही, तो नुसता बघत राहिला. 2023 मध्ये योजना नव्याने आली, तेव्हा अल्प व अत्यल्प भूधारकांना वाहतुकीसाठी घनमीटरला 35.75 रुपये, एकरी कमाल 15,000 रुपये आणि अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये अनुदान ठरलं. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरीही त्यात घेतले. एकरी 15,000 रुपयांत सुमारे 420 घनमीटर गाळ बसतो. तो एकरभर पसरला तर चार इंचांचा थर होतो. उताराच्या मुरमाड वावराला हा थर खूप मोठा आहे, त्यामुळे ही सुधारणा मला या योजनेतली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

पोकलेन तळ्यात उतरण्याआधी मात्र गावाने स्वतः पाहायच्या काही गोष्टी आहेत. तळात चार-पाच ठिकाणी खड्डे घ्या. वर काळा, चिकट, भेगाळलेला गाळ लागेल आणि खाली पिवळट मुरूम. मुरूम लागला की हात थांबवायचा. सिंचन तलावात त्याखाली खोदलं, तर पाणी वर टिकण्याऐवजी खाली निघून जाऊ शकतं. पाळीच्या पायथ्याला तर दातही लावू द्यायचा नाही. मातीच्या पाळीच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, ज्याला इंजिनिअर हार्टिंग म्हणतात, आणि वर मुरमाचं आवरण असतं. पायथा कोरला की अख्खी पाळ घसरते. पाळीवर उगवलेली बाभूळ, बेशरम, कडुनिंब सावली देतात खरे, पण मुळं कुजली की तिथे पोकळी राहते आणि पाणी त्याच वाटेने पाळ फोडतं. आणि सांडवा! काही गावांत पाणी वाढावं म्हणून सांडव्यावर दगड रचतात, तर काही गावांत वरच्या बाजूचं वावर बुडतं म्हणून तो फोडतात. दोन्ही धोक्याचं आहे. तळ्याचा जीव सांडव्यात असतो.

आता दुरुस्तीचा भार कोणी उचलायचा ते पाहू. आपल्याकडे खाली बेसाल्टचा खडक आहे. तळ्याचं पाणी भेगांतून झिरपून खालच्या विहिरींना येतं, म्हणजे फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. पाळीखाली ज्यांच्या विहिरी, त्यांना सर्वांत जास्त. वरच्या अंगाला ज्यांचं वावर, त्यांना काहीच नाही. आणि भूमिहीनाला फार तर गुरांपुरतं पाणी. तरी दुरुस्तीची वर्गणी मात्र घरटी सारखी गोळा होते. मला हे पटत नाही. ज्याच्या विहिरीला पाणी वाढतं त्याने जास्त द्यावं, भूमिहीनाकडून पैसा घेऊ नये, आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यांचं, बांधबंदिस्तीचं काम गावाने आधी करावं. त्याचं वावर खरडायचं थांबलं, तरच तळ्यात नवा गाळ येणं कमी होईल. जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात कारंजा तालुक्यातल्या गावांनी माथ्यावरून खाली काम करत यायचं हे सूत्र श्रमदानातून शिकून घेतलं. तळ्याच्या दुरुस्तीलाही तेच सूत्र लागू आहे.

पूर्व विदर्भाचा धडा इथे उपयोगी पडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने बांधलेले ते तलाव गावच राखत असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जमीनदारी गेली हे योग्यच झालं, पण तलाव राखण्याची गावाची रीतही तिच्याबरोबर मोडली. पुढे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मासेमार ढिवर समाजाबरोबर तिथे काम केलं. त्यांनी बेशरम उपटली, तळ नांगरला, पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत आले. ज्यांचं पोट तळ्यावर आहे त्यांना कामाच्या केंद्रस्थानी ठेवलं, म्हणून ते काम टिकलं. आपल्याकडे भोई समाज आहे, मासेमारी संस्था आहेत. गाळ काढण्याच्या बैठकीला त्यांना बोलावलं जातं का?

2022 मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत प्रत्येक जिल्ह्यात 75 तळी करायची किंवा सुधारायची होती. अशा मोहिमा येत राहतील. यंत्र येईल, फोटो निघतील, यंत्र परत जाईल. त्यानंतर दरवर्षी मेमध्ये सांडवा कोण साफ करणार, पाळीवरची झुडपं कोण काढणार, आणि तळ्यातून थेट मोटारी कोणत्या खुणेपर्यंत चालणार, हे कागदावर उतरवून ठेवलं पाहिजे. मोटारींची खूण तर भिंतीवर रंगवूनच ठेवा. पाणी त्या खुणेला आलं की सगळ्या मोटारी बंद. उरलेलं पाणी गुरांचं आणि माशांचं.

1 मेची ग्रामसभा जवळ आली आहे. आपल्या गावाचा तलाव कोणाच्या ताब्यात आहे, ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या की मृद व जलसंधारण विभागाच्या, हे त्याआधी विचारून घ्या. गाळाची मागणी करणाऱ्या शेतकऱ्यांची यादी करा, त्यात अल्पभूधारकांची नावं आधी लिहा, आणि देखभालीच्या तीन गोष्टींचा ठराव त्याच सभेत मांडा.